परसातले तीन माड आणि एक फाईल

गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका गावातलं हे प्रकरण. गावाचं नाव देत नाही, घरमालकांचंही नाही. ते अजून त्याच घरात राहतात आणि त्यांची दुसरी कामं सरकारदरबारी पडून आहेत. गाव त्यांना मास्तर म्हणतं, आपणही तेच म्हणू. घटना 2015 ते 2018 मधल्या. या काळात गोव्यात माडाविषयीचा कायदा दोनदा बदलला. आधी माड तोडायला परवानगी लागायची, मग लागेनाशी झाली, मग पुन्हा लागू लागली. माणसं तीच, घर तेच, भाट, म्हणजे माडांची बाग, तेच. सरकारचा हात नागरिकाच्या परसात कुठवर जावा, यावर हवेत वाद घालण्यापेक्षा हे एकच भाट नीट पाहिलं तर अधिक हाती लागतं.

मास्तरांचं घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं, मागे साठेक माडांचं भाट. त्यातल्या तीन माडांचा प्रश्न होता. पहिला स्वयंपाकघराच्या मागे, छपरावर कललेला. उंच, म्हातारा, पण नारळ देणारा. पावसाळी वाऱ्यात त्याचे नारळ कौलांवर पडत आणि दरवर्षी कौलं बदलावी लागत. दुसरा कुंपणालगत, शेजारच्या मुंडकाराच्या घरावर झुकलेला. तिसरा भाटाच्या मधोमध, शेंडा गेलेला. आधी गेंड्या भुंग्याने कोवळी चुडतं (झावळ्या) पोखरली, त्या जखमांतून सोंड्या भुंगा शिरला, आणि माडाच्या डोक्याजागी काळा बुंधा उरला.

2015 च्या पावसाळ्याआधी मास्तरांनी तिन्ही माडांसाठी एकच अर्ज केला. गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा 1984 चा. माड या कायद्याच्या कक्षेत 2008 मध्ये आणला गेला. म्हणजे मास्तरांच्या वडिलांनी लावलेले हे माड उभे होते तेव्हा त्यांना कुठलाच वृक्ष अधिकारी नव्हता, तो नंतर आला. अर्जासोबत मालकीचे कागद हवेत. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाराच्या, उताऱ्यावर वडील आणि दोन काकांची नावं, तिघंही वारलेले. वारस मुंबईला, पुण्याला, एक दुबईत. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, कधी झालीच नव्हती. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते, त्यामुळे चुलतभावांसोबत त्यांच्या बायकांच्याही सह्या मागितल्या गेल्या. भाट विकायचं असतं तर हे समजण्यासारखं होतं. इथे एक मेलेला माड पाडायचा होता.

सह्या जमेपर्यंत पाऊस आला. पाहणीला माणूस आला तो पाऊस सरल्यावर. तरुण, सभ्य, घाईत नसलेला. स्वयंपाकघरामागच्या माडाकडे वर बघत त्याने विचारलं, "फळ धरतोय की हा. कशाला तोडता?"

मास्तर म्हणाले, "खाली आमची चूल आहे."

"तसं नाही, नियमात बसवायला कारण लागतं. धोकादायक म्हणायचं तर तसा दाखला लागेल."

या संवादात खलनायक शोधू नये. तो माणूस उर्मट नव्हता आणि त्याने पैसेही मागितले नाहीत. त्याचा प्रश्न शेजाऱ्याने विचारला असता तर आपण त्याला चहा देऊन उत्तर दिलं असतं. अडचण एवढीच की हा प्रश्न विचारून उत्तर पटेपर्यंत काम अडवून ठेवायचा हक्क कायद्याने त्याला दिला होता. साठ माड सांभाळणाऱ्या माणसाने कुठला ठेवावा आणि कुठला काढावा, हे ज्याला तिथे उद्या राहायचं नाही तो ठरवणार.

तिसऱ्या माडाबद्दल वाद नव्हताच, तो मेला होता. पण अर्ज एक, फाईल एक, त्यामुळे जिवंताच्या कारणासाठी मेलेलाही थांबला. इथे थोडं थांबतो, कारण या प्रकरणातली सर्वांत महाग चूक हीच. गेंड्या भुंग्याची अळी कुजणाऱ्या लाकडात आणि शेणखतात वाढते. मेलेला माड लगेच पाडून बुंध्याची विल्हेवाट लावा, असं कुठलाही कृषी अधिकारी सांगतो आणि ते बरोबरच आहे. म्हणजे एक खातं माड ताबडतोब काढा म्हणतं आणि दुसरं परवानगीशिवाय हात लावू नका म्हणतं. 2016 च्या उन्हाळ्यापर्यंत तो बुंधा तसाच उभा राहिला. तोवर आजूबाजूच्या दोन चांगल्या माडांची चुडतं कात्रीने कापल्यासारखी दिसू लागली. ती भुंग्याची खूण. झाडं वाचवायच्या कायद्याने त्या भाटात झाडं मारली, असं मी म्हणतो तेव्हा ते अलंकारिक नाही.

आता दुसरा माड. त्याची गोष्ट वेगळी, आणि मर्यादित सरकारच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती आवर्जून सांगायला हवी.

तो झुकला होता मुंडकाराच्या छपरावर. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात: मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारं कुटुंब. 1975 च्या कायद्याने त्यांना घरातून काढण्यापासून संरक्षण मिळालं आणि घरासह पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्कही. मास्तरांचे आणि या कुटुंबाचे संबंध चांगले. तरीही माड एकाचा आणि छप्पर दुसऱ्याचं, हे खरंच. मुंडकाराच्या घरातल्या बाईंनी, मास्तरांना सांगूनच, कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार दिली. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133: पडून कुणाला इजा होईल अशा स्थितीतलं झाड काढायचा आदेश देता येतो. आज तेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 क्रमांकावर आहे. पाहणी झाली, दोन्ही बाजूंना विचारलं, माड धोकादायक ठरला, आदेश निघाला. पावसाने जोर धरायच्या आत पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) आणि करवतवाला येऊन माड तुकड्या-तुकड्यांनी उतरवून गेले.

हेच सरकारचं काम. माझ्या झाडाने तुमच्या डोक्याला धोका असेल तर मध्ये पडणारा कुणीतरी हवा, आणि तो निःपक्ष, झटपट आणि सक्तीचा अधिकार असलेला हवा. मर्यादित सरकार म्हणजे दुबळं सरकार, असा एक समज आपल्याकडे पक्का बसला आहे. या भाटात उलटंच दिसलं. जिथे दोघांच्या हक्कांचा खराखुरा संघर्ष होता तिथे कायदा मोजका आणि स्पष्ट होता, आणि काम झालं. जिथे संघर्षच नव्हता, माणसाचा स्वतःचा माड स्वतःच्या चुलीवर झुकला होता, तिथे फाईल फुगत गेली.

जानेवारी 2016 मध्ये गोवा विधानसभेने कायद्यात दुरुस्ती करून माडाला वृक्षांच्या यादीतून वगळलं. सरकारचं म्हणणं: म्हाताऱ्या, उत्पन्न न देणाऱ्या, धोकादायक माडांसाठी शेतकऱ्याला खेटे घालावे लागू नयेत. मास्तरांची फाईल समोर ठेवली तर यातलं अक्षर न्‌ अक्षर खरं होतं. पण समर्थनासाठी माडाला फांद्या नसतात वगैरे वनस्पतिशास्त्र पुढे आलं, देशभर हसं झालं, आणि शेतकऱ्याचा मुद्दा त्या हशात बुडाला. विरोधकांचा आरोप गंभीर होता. सांगे तालुक्यातल्या एका मद्यप्रकल्पाच्या जागेवरचे माड तोडायची वाट मोकळी करण्यासाठी हे चाललंय, असं ते म्हणत होते. लोक माडांना मिठ्या मारून फोटो काढत होते. बिल्डर किनारपट्टी बोडकी करतील ही भीती गावागावांत होती.

मास्तरांनी त्या उन्हाळ्यात उरलेले दोन्ही माड काढले. पाडेली वर चढला, चुडतं छाटली, दोर बांधला, बुंधा वरून खाली कापत आणला. पहिल्या माडाचं लाकूड पक्कं होतं, त्याचे वासे काढून गोठ्याच्या छपराला वापरले. तिसऱ्याच्या कुजक्या बुंध्यातून हाताच्या बोटाएवढ्या अळ्या निघाल्या, त्या जाळल्या. पावसाच्या तोंडाला मोकळ्या जागी बाणावली जातीचे कवाथे (माडाची रोपं) लावले, तोडले त्यापेक्षा जास्त. लावा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आठ-दहा वर्षांनी नारळ कुठून येणार, हा हिशेब भाट असलेला माणूस रोजच करतो.

त्याच उन्हाळ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला एक अख्खं भाट साफ झालं. चांगले, भरात असलेले माड. ते पाहून आमच्या एका पर्यावरणवादी मित्राने मला सुनावलं, "बघ तुझं स्वातंत्र्य." त्याचा राग मला कळतो. मलाही ते उघडं पडलेलं भाट बघवलं नाही. या प्रसंगाला बगल देऊन मास्तरांचे कवाथे दाखवत बसलो तर हे लिखाण वकिली ठरेल.

म्हणून विचारायला हवं: नारळ देणारा माड कुणी का तोडेल? नारळाला भाव आहे, पाडेली मिळत नाही ही खरी रड असली तरी भाटाचं उत्पन्न शून्य नाही. उभा माड हा दर दीड-दोन महिन्यांनी पाडप (नारळांची पाडणी) देणारा माणसाच्या हयातीचा ऐवज आहे. त्या भाटाच्या मालकांनी तो मोडला कारण प्रादेशिक आराखड्याच्या, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्याच्या, नकाशात त्यांच्या तुकड्याला वस्तीचा रंग होता, आणि लागूनच असलेल्या, मातीने-माडांनी अगदी तशाच असलेल्या भाटाला बागायतीचा. वस्तीचा रंग लागला की चौरस मीटरचा भाव कित्येक पटींनी चढतो. त्या फरकापुढे नारळाचं उत्पन्न म्हणजे चिल्लर. हा फरक बाजाराने निर्माण केलेला नाही. तो नकाशावर रंग देणाऱ्या हाताने निर्माण केला.

इथे मी माझं म्हणणं सरळ मांडतो. त्या भाटातले माड मालकाच्या करवतीने पडले, पण करवतीला धार आली ती जमिनीचा वापर बदलून देण्याच्या सरकारी अधिकारातून. आपण कायदा केला तो करवतीवर. त्यामुळे मास्तर अडकले, आणि ज्याला वस्तीचा रंग मिळालेला आहे त्याला थोडा उशीर झाला इतकंच. त्याच्याकडे वकील असतो, फाईलमागे धावायला माणूस असतो, आणि परवानगीचा खर्च प्रकल्पाच्या खर्चात कुठेच दिसत नाही. परवानगीची भिंत सर्वांसाठी एकाच उंचीची असते, शिडी मात्र काहींकडेच असते.

गोव्याला हे नवीन नाही. 'प्रादेशिक आराखडा 2011' हा 2006 मध्ये अधिसूचित झाला. त्यात कुठल्या जमिनी कशा रंगवल्या हे उघड झालं तेव्हा गोवा बचाव अभियानाच्या झेंड्याखाली लोक रस्त्यावर आले आणि 2007 मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढे 2021 चा आराखडा आला, गावागावांत सूचना घेतल्या गेल्या. मग कायद्यातच रंग बदलायची एकेक खिडकी उघडत गेली. 2018 मध्ये नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम 16-ब, 2023 मध्ये कलम 17(2), 2024 मध्ये कलम 39-अ. त्यातलं 17(2) वाचायला निरुपद्रवी: आराखड्यात अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करायच्या. प्रत्यक्षात एकेका अर्जावर एकेका तुकड्याचा रंग बदलू लागला. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ आकसून घेतला. संपूर्ण राज्यासाठीचा आराखडा तुकड्यातुकड्याने बदलता येणार नाही, हा त्यातला गाभा.

मला गंमत वाटते ती अशी. 17(2) विरुद्ध लढणारे बहुतेक लोक स्वतःला मर्यादित सरकारचे समर्थक म्हणवून घेणार नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांना 'मुक्त बाजार' हा शब्द शिवीसारखा लागतो. पण ते मागत होते ते नेमकं हेच: सरकारचा अधिकार नियमाने बांधलेला हवा, तो आधी जाहीर हवा, सर्वांना सारखा हवा, आणि मंत्र्याच्या किंवा मंडळाच्या मर्जीवर सोडलेला नको. शासनाच्या हाताला मर्यादा घालायची मागणी डावीकडून आली की तिचं नाव पर्यावरण आणि उजवीकडून आली की व्यक्तिस्वातंत्र्य. मास्तरांच्या भाटात दोन्ही एकाच माडावर येऊन थांबतात.

इथे कडवे मुक्ततावादी मला अडवतील: मग नकाशावर वस्ती, बागायत असे जमिनीचे विभागच कशाला हवेत? ज्याची जमीन त्याला हवं ते करू द्या, रंगच नसले तर रंगाची किंमतही राहणार नाही. तर्क स्वच्छ आहे. पण गोव्यात विहिरी एकमेकींशी जमिनीखालून बोलतात, डोंगर कापला की पायथ्याच्या शेतात गाळ येतो, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध एकाने फोडला तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. गांवकारीच्या व्यवस्थेत, म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधीपासून, बांध हा गावाने मिळून राखायचा आणि त्याचे नियम सर्वांना आधी ठाऊक असायचे. शेजाऱ्याच्या नुकसानीपासून सुरू होणारा नियम माझ्या स्वातंत्र्याच्या आड येत नाही, ती त्याचीच दुसरी बाजू. म्हणून डोंगरउतार, खाजन, पाणथळ, किनाऱ्याची पट्टी इथे ठाम बंदी असावी आणि ती कुणालाच उठवता येऊ नये, खुद्द सरकारलाही नाही. माझा आक्षेप बंदीला नाही. जी बंदी अर्ज केल्यावर उठते तिला आहे.

2017 मध्ये निवडणूक झाली. नारळ हीच निशाणी असलेला पक्ष आघाडीत येऊन सत्तेत बसला आणि त्याच वर्षी माडाला पुन्हा वृक्षाचा दर्जा मिळाला, वर राज्यवृक्षाचा मानही. भावनेच्या दृष्टीने कुणाची तक्रार असणार? माडाशिवाय गोव्यात ना जेवण होतं ना लग्न. पण कायदा जसा होता तसाच परत आला. एका माडवाल्याला आणि पाचशे माडवाल्याला एकच दार, एकच अर्ज. 2016 ची चूक अशी की सर्वांना सरसकट मोकळं सोडलं. 2017 ची चूक अशी की सर्वांना सरसकट बांधलं. मधला विचार करायला कुणाला सवड झाली नाही, कारण दोन्ही वेळी विषय माडाचा नव्हता, राजकारणाचा होता.

आणि योगायोग बघा. त्याच 2017 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने अध्यादेश काढून वनक्षेत्राबाहेर उगवलेल्या बांबूला भारतीय वन कायदा 1927 च्या वृक्षांच्या व्याख्येतून बाहेर काढलं. नव्वद वर्षं शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायला कागद लागत होता. त्यामुळे बांबू वाचला का? बांबू उत्तम वाढणाऱ्या या देशात शेतकरी तो लावायचा टाळत राहिला. चंदनाचं उदाहरण त्याहून बोलकं. म्हैसूर संस्थानात 1792 पासून चंदन राजवृक्ष, कुणाच्याही जमिनीत उगवलं तरी राजाचं. स्वातंत्र्यानंतरही चाल तीच राहिली. शेतकऱ्याच्या दृष्टीने बांधावर उगवलेलं चंदनाचं रोप म्हणजे पोलिसाला आमंत्रण, म्हणून ते लहानपणीच उपटलं जायचं आणि मोठी झाडं चोर नेत. शेवटी कर्नाटकाने 2001 मध्ये आणि तामिळनाडूने 2002 मध्ये कायदा बदलून मालकाचा हक्क मान्य केला, तेव्हा कुठे शेतकरी चंदन लावू लागले.

मास्तरांच्या घरी याचा छोटा अवतार पाहायला मिळाला. 2018 मध्ये भुंग्याने पोखरलेल्या दोघांपैकी एक माड गेला. पाडेली म्हणाला, "मास्तर, अर्ज कशाला करता? वीज पडली म्हणून सांगा. कोण बघतोय वर?" वीज पडली, वारा लागला, मुळात गरम पाणी गेलं: माड मारायच्या आणि नंतर कारण सांगायच्या अशा युक्त्या आज गावोगावी ठाऊक आहेत. कायदा माणसाला झाड राखायला शिकवेल या आशेने केला होता, तो त्याला थाप मारायला शिकवतो. मास्तरांनी थाप मारली नाही, जन्मभर मुलांना खरं बोला सांगितलेला माणूस. त्यांनी अर्ज केला. मुलाने मात्र घराजवळच्या मोकळ्या जागी कवाथा लावू दिला नाही. तो म्हणाला, "बाबा, भाटात काय हवं ते लावा. घराजवळ नको. उद्या तो वाढला की आपला राहणार नाही." आईने तिथे मोगरा लावला.

गोव्यात सुमारे 25 हजार हेक्टर जमीन माडाखाली आहे, आणि ती जवळजवळ सगळी अशा खाजगी भाटांत आणि परसांत. ती वाचेल ती वनखात्याच्या शिक्क्याने नाही. घराजवळ कवाथा लावायचा की मोगरा, या अशा हजारो घरगुती निर्णयांवर ती टिकेल किंवा जाईल. म्हणून त्या पोराचं वाक्य मला धोरण आखणाऱ्यांच्या कानावर घालावंसं वाटतं.

मग काय करता आलं असतं? कायदा पुसून टाकावा असं मी म्हणत नाही. घराभोवतीचे आणि लागत्या भाटातले वर्षाला ठरावीक संख्येपर्यंतचे माड परवानगीशिवाय काढता यावेत, फक्त कळवावं: फोटोसह एक पत्र पंचायतीत आणि एक वनखात्यात, आणि बदली कवाथा लावल्याचा दुसरा फोटो पुढच्या पावसाळ्यात. मेलेल्या किंवा किडलेल्या माडाला तर संख्येचीही अट नको, उलट तो ठेवून दिला तर शेजाऱ्याने तक्रार करावी. संख्येच्या वर गेलात तर परवानगी घ्या, पण तिला मुदत असावी आणि मुदत टळली की ती मिळाली असं धरावं. ही कल्पना परदेशातून आणायची गरज नाही. गोवा पंचायत राज कायदा 1994 च्या कलम 66 मध्ये बांधकाम परवान्यासाठी ती आहे: पंचायतीने 30 दिवसांत ठरवलं नाही तर उपसंचालकांकडे अपील, त्यांनीही 30 दिवसांत निकाल दिला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, नियमांविरुद्ध नसेल तर. घर बांधणाऱ्याला ही सोय आहे, मेलेला माड काढणाऱ्याला का नसावी?

आणि खरी सक्ती हवी ती तिथे, जिथे भाटाचा रंग बदललेला आहे. ज्या जमिनीचा वापर बागायतीतून वस्तीत गेला, तिथला प्रत्येक माड सार्वजनिक सुनावणीशिवाय पडू नये. मास्तरांच्या माडाने गावाचं काही बिघडत नाही, त्या भाटाच्या रंगाने बिघडतं.

याला येणारा खरा आक्षेप माझ्या त्याच मित्राचा. तो म्हणाला, दरवर्षी ठरलेल्या संख्येइतके तोडत तोडत एखादा पाच वर्षांत भाट संपवेल, मग रंग बदलून मागेल: आता तिथे बागायत कुठे आहे? हे होऊ शकतं. म्हणूनच रंग बदलायची खिडकी बंद असणं हा या सूचनेचा पहिला भाग आहे आणि कळवून तोडायची मुभा दुसरा. खिडकी उघडी ठेवून नुसती मुभा दिली तर 2016 परत येईल, यावर आमचं दोघांचं एकमत आहे. खिडकी पक्की बंद केली तर भाट संपवून मालकाला मिळणार काय? उन्हात तापणारी बागायत जमीन.

थोडं विषयांतर, पण गोव्यात हा विषय निघाला की मला राहवत नाही. 18 जून 1946 ला मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी आणि डॉ. ज्युलियाव मिनेझिसांनी सभा घेतली तेव्हा पहिली मागणी राज्य उलथवायची नव्हती, नागरी हक्कांची होती. सरकारच्या परवानगीवाचून बोलता यावं, जमता यावं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सेन्सॉरच्या नजरेखालून न जाता काही छापता येत नव्हतं. त्या दिवसाला आपण क्रांतिदिन म्हणतो, दरवर्षी फुलं वाहतो. पण 'आधी विचार, मग कर' ही राज्यकारभाराची सवय त्या राजवटीबरोबर गेली असं मात्र नाही. ती 1961 नंतर लोकनियुक्त सरकारांनी मोठ्या आपुलकीने जपली. मराठी मुलखात या सवयीविरुद्ध शेतकऱ्याच्या बाजूने सर्वांत खणखणीत बोलले ते शेतकरी संघटनेचे शरद जोशी. डिसेंबर 2015 मध्ये ते वारले. त्यांचा मुद्दा असा की शेतकऱ्याला सूट नको, मोकळीक हवी. गोव्यात त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही. इथला भाटकार स्वतःला शेतकरी समजत नाही हे त्यामागचं एक कारण असावं.

मास्तरांच्या 2018 च्या अर्जाचं काय झालं, ते सांगून थांबतो. या वेळी फक्त एका मेलेल्या माडाचा अर्ज होता, चुलतभावांच्या सह्या आधीच्या फाईलमुळे तयार होत्या, आणि पाहणीला आलेला अधिकारी शेतीच्या घरातला निघाला. परवानगी तुलनेने लवकर मिळाली, अनामत भरली, माड पडला. म्हणजे व्यवस्था चालते की, असं कुणी म्हणेल. चालली, कारण माणूस चांगला भेटला. भुंग्याने धरलेला दुसरा माड मात्र त्या अर्जात नव्हता. तेव्हा त्याला अजून हिरवी चुडतं होती, त्यामुळे मास्तरांनी त्याचं नाव घातलं नाही. पुढच्या पावसात त्याचाही शेंडा गेला, आणि मास्तर नवा उतारा काढायला मामलेदार कचेरीच्या रांगेत उभे राहिले.